गुडघेबदल शस्त्रक्रिया : पात्रता, कागदपत्रं आणि मंजुरीची प्रक्रिया

डॉक्टरांनी ‘गुडघा बदलून घ्या’ म्हटलं की घरात लगेच तारखेची चर्चा सुरू होते. त्याआधी दोन निकाल लागायचे असतात. तुम्ही वैद्यकीयदृष्ट्या पात्र आहात का, हा पहिला. खर्च उचलणारी यंत्रणा, म्हणजे विमा कंपनी, सरकारी योजना किंवा नोकरीतली वैद्यकीय सुविधा, ते मान्य करते का, हा दुसरा. दोन्हींचा आधार मुख्यतः तुमची फाइलच असते.

पात्रता कशावर ठरते

वयाची ठरावीक अट नाही. सुरुवात एक्स-रेपासून होते, आणि तो उभं राहून काढलेला हवा. झोपून काढला तर सांध्यावर भार येत नाही, दोन हाडांमधलं अंतर आहे त्यापेक्षा जास्त दिसतं आणि झीज कमी भासते. झीज मोजायला १९५७ पासून केलग्रेन-लॉरेन्स श्रेणी वापरतात, ० (झीज नाही) ते ४ (सर्वात जास्त). शस्त्रक्रियेचा विषय सहसा ३ किंवा ४ ला निघतो. झीज एवढी पुढे गेल्यावर एमआरआयने बहुधा नवीन काही कळत नाही. करायला सांगितलाच तर कशासाठी ते जरूर विचारा.

पण नुसत्या एक्स-रेवर निर्णय होत नाही. चौथ्या श्रेणीचा गुडघा घेऊन रोजची कामं नीट करणारी माणसं असतात आणि तिसऱ्या श्रेणीत रात्रभर तळमळणारीही. म्हणून दुखणं आणि हालचाल वेगळी नोंदवतात. ऑक्सफर्ड नी स्कोअर ही त्यासाठीची प्रश्नावली : १२ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ४ गुण, एकूण ४८, गुण जितके कमी तितका त्रास जास्त. प्रश्न अगदी रोजचे आहेत. किती वेळ चाललं की दुखणं असह्य होतं? खुर्चीतून उठताना काय होतं? गुडघा अचानक दगा देतो का? रात्री झोपमोड होते का? इथे ‘चालतंय कसंबसं’ असं भिडस्त उत्तर देऊ नका. तुमचं म्हणणं कागदावर येण्याची जागा हीच आहे.

तिसरी बाब, शस्त्रक्रियेशिवायचे उपाय करून झालेत का : मांड्यांचे व्यायाम, फिजिओथेरपी, वजन, गोळ्या, इंजेक्शन. उपाय बहुतेकांनी केलेले असतात, पुरावा मात्र नसतो. ‘व्यायाम करून पाहिला, फरक नाही’ हे तोंडी सांगून भागत नाही. फिजिओथेरपिस्टची नोंद किंवा निदान तारखेसह पावत्या हव्यात.

आमवात असेल तर

संधिवाततज्ज्ञांचं पत्र लागतं, कारण औषधांचं वेळापत्रक सांभाळावं लागतं. मेथोट्रेक्सेट हे आमवाताचं नेहमीचं औषध बहुधा चालू ठेवतात. बायोलॉजिक इंजेक्शनांचा (आमवातात प्रतिकारशक्तीला आवर घालणारी औषधं) पुढचा डोस मात्र थांबवून त्या जागी शस्त्रक्रिया बसवतात. स्वतःच्या मनाने काहीही बंद करू नका. आमवात जुना असेल तर भूलतज्ज्ञ मानेचाही एक्स-रे मागू शकतात, कारण या आजारात मानेचे मणकेही सैल होतात.

तारीख पुढे ढकलणारी कारणं

त्वचा, लघवी किंवा दातात जंतुसंसर्ग असेल तर आधी तो बरा करावा लागतो. गुडघ्यात स्टिरॉइडचं इंजेक्शन घेतलं असेल तर साधारण तीन महिने थांबवतात. मधुमेहात एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी) ७.५ ते ८ च्या वर असेल तर बरेच सर्जन आधी साखर आटोक्यात आणायला सांगतात. वजनाबाबत मात्र मतभेद आहेत. अमेरिकन कॉलेज ऑफ रुमॅटॉलॉजीच्या २०२३ च्या मार्गदर्शिकेत, साखर आटोक्यात येण्यासाठी आणि तंबाखू कमी किंवा बंद होण्यासाठी थांबावं पण ठरावीक वजन गाठण्यासाठी शस्त्रक्रिया लांबवू नये, असं सुचवलं आहे. ‘आधी वजन उतरवून या’ एवढंच सांगून परत पाठवलं तर हा मुद्दा काढायला हरकत नाही.

मंजुरीचा अर्ज

पूर्वमंजुरीचा अर्ज रुग्णालयातूनच जातो. सोबत ओळखपत्र, पॉलिसी किंवा योजनेचं कार्ड, सर्जनची शिफारस, एक्स-रे आणि त्याचा अहवाल, जुनी प्रिस्क्रिप्शन्स, रक्ततपासण्या, ईसीजी, खर्चाचा अंदाज असं सगळं लागतं. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती आवर्जून लिहा.

अर्जातले दोन रकाने सही करण्यापूर्वी स्वतः वाचा. एक, ‘त्रास कधीपासून’. अर्जात दोन वर्षं आणि जुन्या कागदावर सहा वर्षं असेल तर शंका निघणारच. शिवाय अनेक पॉलिसींत सांधेबदलाला प्रतीक्षा कालावधी (पॉलिसी घेतल्यावर तेवढा काळ हा खर्च मिळत नाही) असतो, त्याचा हिशोब या तारखांवरच होतो. दुसरा, बाजू : डावा, उजवा की दोन्ही. अर्ज नाकारला गेला तर कारण लेखी मागा. अपुऱ्या कागदांमुळे नाकारलेला अर्ज सर्जनच्या खुलाशाच्या पत्रासह पुन्हा देता येतो.

मंजुरी आली, आता ठरवायचं

मंजुरी आली म्हणून शस्त्रक्रिया करायलाच हवी असं नाही; ही तातडीची शस्त्रक्रिया नव्हे. मात्र गुडघा सरळ होईनासा होईपर्यंत आणि मांडीचे स्नायू पार ओसरेपर्यंत थांबलं तर नंतरचा फायदाही कमी पदरात पडतो. संमतीपत्र आदल्या दिवशी घाईत सही करण्यासाठी नसतं, आधीच मागून घ्या. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासानुसार पूर्ण बदललेल्या गुडघ्यांपैकी सुमारे ८२ टक्के २५ वर्षं टिकतात. खोलवर जंतुसंसर्ग साधारण शंभरात एक-दोघांना होतो. आणि पाचातला जवळपास एक रुग्ण निकालावर पूर्ण समाधानी नसतो, हेही घरच्यांसमोर बोलून घ्या. कमी वयात बदललेला गुडघा पुढे पुन्हा बदलावा लागण्याची शक्यता जास्त असते.

घरी जाताना डिस्चार्ज कार्डासोबत इम्प्लांटचं (बसवलेल्या कृत्रिम सांध्याचं) स्टिकर मिळालं का ते पाहा. त्यावर कंपनी, आकार आणि बॅच क्रमांक असतो. पुढे कधी तो गुडघा उघडायची वेळ आली तर सर्जन पहिल्यांदा तेच मागतील, त्यामुळे त्याचा फोटो काढून घरातल्या आणखी एकाच्या फोनमध्येही ठेवा.