अन्ननलिका-कर्करोग : शस्त्रक्रियोत्तर जीवनमान

अन्ननलिकेच्या कर्करोगावरील शस्त्रक्रियेनंतर रुग्णाचे खाणे, झोप, बोलणे, श्रमशक्ती आणि कुटुंबातील वावर यांची जी एकंदर स्थिती राहते, तिला येथे जीवनमान म्हटले आहे. या शस्त्रक्रियेत अन्ननलिकेचा बहुतेक भाग लसिकाग्रंथींसह काढून टाकतात आणि जठराची नळी करून ती छातीत किंवा मानेत उरलेल्या भागाला जोडतात.

शस्त्रक्रियेचा आरंभ कोठून धरावा, याविषयी मतभेद आहेत. चेर्नी यांनी १८७७ मध्ये मानेतील अन्ननलिकेचा भाग काढला होता. तथापि छातीतील अन्ननलिका काढूनही रुग्ण दीर्घकाळ जगल्याचे पहिले उदाहरण म्हणून फ्रान्झ टोरेक यांची न्यूयॉर्क येथील १९१३ मधील शस्त्रक्रिया धरणे अधिक सयुक्तिक वाटते. ती रुग्ण स्त्री त्यानंतर सुमारे १२-१३ वर्षे जगली, मात्र तिचे अन्न मानेतील छिद्रातून जठरापर्यंत शरीराबाहेरील रबरी नळीने जात असे. आयव्हर लुईस (१९४६) यांनी छातीतील, तर मॅक्यूएन (१९७६) यांनी मानेतील जोडणीची पद्धत रूढ केली. मानेतील जोड गळल्यास निचरा करणे सोपे, म्हणून अनेक शल्यचिकित्सक तिला पसंती देत. परंतु तेथे आवाजाच्या नसेला इजा होण्याचा धोका अधिक असतो. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डच यादृच्छिक चाचणीत (कोणत्या रुग्णाला कोणती पद्धत हे चिठ्ठी टाकल्याप्रमाणे ठरवून केलेल्या तुलनेत) छातीतील जोडणी केलेल्या रुग्णांमध्ये गळती कमी आढळली आणि गिळणे, ठसका व बोलणे यांबाबतचे जीवनमानही सरस दिसले. गाठीचे स्थान अनुकूल असेल, तर हा पुरावा दुर्लक्षिण्यासारखा नाही.

जठराची साठवणक्षमता घटते व जठराच्या हालचालींचे नियंत्रण करणारी व्हेगस नस कापली जाते, त्यामुळे पोट लवकर भरते, वजन उतरते, आडवे होताच आंबट पाणी वर येते. गोड पदार्थानंतर घाम, धडधड व जुलाब होणे, म्हणजे ‘डंपिंग’, अनेकांना त्रास देते. पुण्यातील घरांत श्रीखंड-पुरीचा आग्रह अशा रुग्णाला करू नये. मऊ भात-वरण किंवा दुधात कुस्करलेली भाकरी दिवसातून सहा वेळा थोडी थोडी द्यावी, पाणी जेवणानंतर काही वेळाने द्यावे आणि रात्री उशाकडील बाजू उंच ठेवावी.

मोजमापासाठी युरोपीय कर्करोग संशोधन संघटनेची ३० प्रश्नांची सर्वसाधारण प्रश्नावली व अन्ननलिकेसाठीची १८ प्रश्नांची पुरवणी वापरतात. पहिलीचा मराठी अनुवाद उपलब्ध आहे. नातेवाईक शेजारी बसलेले असताना वडीलधारा रुग्ण ‘ठीक आहे’ एवढेच सांगतो, म्हणून ती त्याच्याकडून एकांतात भरून घेणे इष्ट. पहिल्या काही महिन्यांत गुण खालावतात. पुष्कळांचे सहा महिने ते वर्षभरात सावरतात, पण धाप, थकवा व आम्लोद्गार अनेकांत टिकून राहतात. रोग उलटलेले रुग्ण पुढील मोजणीतून गळतात, त्यामुळे दीर्घकालीन सरासरी वास्तवापेक्षा चांगली दिसण्याचा संभव असतो.