सिटी बस तोट्यात, म्हणजे पैसा पाण्यात?

‘सिटी बस तोट्यात, मग चालवायची कशाला?’ सोलापुरात हे वर्षानुवर्षे ऐकू येतं. पण हा हिशेबच अर्धवट आहे. महापालिकेच्या परिवहन विभागाच्या वहीत दिसते ती फक्त तिकिटाची जमा. शहराजवळच्या कुंभारीतल्या गोदूताई परुळेकर वसाहतीत विडी कामगार महिलांची १०,००० घरं आहेत. मजुरी हजार विड्यांमागे मिळते. बस नसेल, तर विड्यांची पिशवी घेऊन कारखान्यावर निघालेल्या बाईचं रिक्षाभाडं त्याच मजुरीतून जातं. बसमुळे वाचलेला हा पैसा वहीत कुठेच चढत नाही. सिव्हिलला वेळेत पोचलेला पेशंटही नाही. चाळीस माणसं एका बसनं आली, तर नवी पेठेत निदान वीस दुचाक्या कमी. (रस्त्याला कधी कुणी नफा विचारलाय?) गैरकारभार किती, हे जरूर विचारा, पण तो प्रश्न वेगळा.