‘एक्स्ट्रापिरॅमिडल’ : एका शब्दाचा गुंता

कंपवाताचे वर्णन लंडनच्या एका डॉक्टरने १८१७ मध्ये केले. मेंदूत बिघाड नेमका कुठे, हे कळायला शतक गेले. मध्यमेंदूतल्या सबस्टॅन्शिया नायग्रा या काळसर पट्ट्यातल्या पेशी झडतात, हे १९१९ च्या एका प्रबंधात आले.

घोळ त्याआधीच झाला होता. १९१२ मध्ये यकृत आणि मेंदू दोन्ही पोखरणाऱ्या एका आजारावरच्या लेखनातून ‘एक्स्ट्रापिरॅमिडल’, म्हणजे ‘पिरॅमिडल मार्गाबाहेरचा’, हा शब्द पुढे आला. मेंदूच्या बाह्यकातून (बाहेरच्या थरातून) हालचालींचे आदेश घेऊन मज्जारज्जूत उतरणारा पिरॅमिडल मार्ग एक, आणि बेसल गँग्लियाचा, म्हणजे सबस्टॅन्शिया नायग्रा ज्यांत मोडतो त्या खोलवरच्या पेशीपुंजांचा, वेगळा दुसरा, अशी सरळ वाटणी त्यातून रूढ झाली. प्रत्यक्षात बेसल गँग्लियातून मज्जारज्जूत थेट तंतू उतरतच नाहीत. त्यांचा बराचसा संदेश थॅलॅमस या मेंदूतल्या मधल्या केंद्रामार्गे पुन्हा बाह्यकाकडे जातो आणि तिथून पिरॅमिडल वाटेनेच खाली येतो. काही शल्यविशारदांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हीच वाट छेदली, तेव्हा अवयव दुबळा झाला, पण थरथरही थांबली. कंपाची वाट वेगळी असती तर असे झाले नसते. तरी शब्द टिकला. मनोविकारावरच्या औषधाने अंग ताठरले की केसपेपरवर आजही ‘ईपीएस’ (एक्स्ट्रापिरॅमिडल लक्षणे) लिहितात. विद्यार्थ्याच्या डोक्यात त्यातून चुकीचा नकाशा बसतो, हे मला फार खटकते.

पुढचे टप्पे भराभर आले. १९६० मध्ये व्हिएन्नात कंपवाताच्या रुग्णांच्या मेंदूत डोपामाईन हे संदेशवाहक रसायन घटलेले आढळले, १९६७ मध्ये मेंदूत डोपामाईन बनवणाऱ्या लेव्होडोपाचे तोंडावाटे दिलेले मोठे डोस लागू पडले. हेच लेव्होडोपा खाजकुइलीच्या बियांतून भारतीय रसायनशास्त्रज्ञांनी १९३७ मध्येच वेगळे केले होते. १९८७ पासून ग्रेनोबलमध्ये मेंदूत खोलवर विद्युतअग्र बसवून कंप आवरू लागले.

शरीराचा तोल सांभाळण्याबाबत मात्र जुन्या शब्दाला थोडा न्याय द्यावा लागतो. बेसल गँग्लियाची एक शाखा मस्तिष्कस्तंभाकडे, म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जू जोडणाऱ्या देठाकडे, जाते आणि तिथून पिरॅमिडल नसलेल्या वाटा मज्जारज्जूत उतरतात. तपासताना डॉक्टर मागे उभे राहून रुग्णाचे खांदे झटक्याने ओढतात. निरोगी माणूस एखादे पाऊल मागे टाकून सावरतो. आजार वाढलेल्या रुग्णाचे पाऊल उचललेच जात नाही, तो ओंडक्यासारखा डॉक्टरांच्या हातात येतो. लेव्होडोपाच्या ज्या गोळीने त्याच्या हाताचा ताठरपणा सैल होतो, तिने हे पाऊल सहसा परत मिळत नाही.