एचपी-२७

एचपी-२७ हा ह्यूलेट-पॅकार्ड या अमेरिकन कंपनीने १९७६ साली २०० डॉलरला बाजारात आणलेला, हातात मावणारा कॅल्क्युलेटर. याच कंपनीचा एचपी-३५ (१९७२) इंजिनिअरांसाठी होता, एचपी-८० (१९७३) बँकेतल्या आणि गुंतवणुकीच्या हिशेबांसाठी. एचपी-२७ने साइन-कोसाइन, लॉगरिदम, सांख्यिकी आणि व्याजाची गणिते एकाच यंत्रात आणली. नाशिकच्या दिंडोरी रोडवर धरण-कालव्यांच्या संशोधनाची ‘मेरी’ संस्था आणि त्याच रस्त्याने पुढे गेले की द्राक्षबागा, वेली चढवायच्या मंडपाची कर्जे: नाशिककराला ही जोडणी ओळखीची वाटावी.

या यंत्राला ‘बरोबर’चे बटण नाही. आधी आकडे, मग क्रिया, अशी उलटी पोलिश पद्धत त्यात आहे. पोलिश तर्कशास्त्रज्ञ यान वुकाशेविच यांनी चिन्ह आधी लिहायची रीत मांडली होती. इथे ते शेवटी येते, म्हणून उलटी. आकडे आत चार थरांच्या उतरंडीत बसतात आणि कंसांची गरजच पडत नाही. उदाहरणाला देवळालीचे गणिती द. रा. कापरेकर यांची क्रिया घेऊ. १९७६चे अंक उतरत्या क्रमाने ९७६१, चढत्या क्रमाने १६७९. ९७६१, एंटर, १६७९, वजा: उत्तर ८०८२. पुन्हा ८८२० वजा ०२८८, म्हणजे ८५३२. त्यातून २३५८ गेले की ६१७४. इथून पुढे तीच क्रिया केली तरी ६१७४च येते, म्हणून हा कापरेकरांचा स्थिरांक. शाळेत शिकवता शिकवता त्यांनी हे हाताने वजाबाक्या करून शोधले, हे ती बटणे दाबताना आठवल्यावाचून राहत नाही.

यंत्राची खरी ताकद मात्र व्याजात आहे. हप्त्यांची संख्या, दर, आजचे मूल्य, हप्ता आणि भविष्यातले मूल्य अशा पाच राशी. त्यांतल्या माहीत असलेल्या भरल्या की हवी ती मिळते. समजा, एक लाखाचे कर्ज ‘फ्लॅट’ १० टक्क्यांनी वर्षभरासाठी घेतले. व्याज १०,००० रुपये, एकूण १,१०,००० आणि महिन्याचा हप्ता सुमारे ९,१६६ रुपये ६७ पैसे. ऐकायला स्वस्त. पण मुद्दल दर महिन्याला कमी होत जाते आणि व्याज मात्र पूर्ण लाखावरच धरलेले असते. १२ हप्ते, एक लाख मूल्य आणि ही हप्त्याची रक्कम भरून दर विचारला, तर महिना सुमारे १.५ टक्के येतो, म्हणजे वर्षाला जवळपास १८ टक्के. दर काढायला सरळ सूत्र नाही. यंत्र अंदाज धरून तो पुन्हापुन्हा सुधारते आणि उत्तराला थोडा वेळ घेते. कर्जावर सही करण्याआधी प्रत्येक बागायतदाराने हा हिशेब करून पाहावा, इतका तो मोलाचा आहे.

दहा मेमरी आहेत, पण यंत्र बंद केले की त्या पुसल्या जातात. प्रोग्रॅम करण्याची सोय नाही. लाल एलईडी आकडे सुरेख दिसतात, मात्र बॅटरी काही तासांतच संपवतात.

जुना नग हाती आला तर आधी बॅटरीची पेटी उघडावी. आतले दोन निकेल-कॅडमियम सेल बहुधा गळलेले असतात आणि पट्ट्यांवर पांढरट थर चढलेला असतो. तो व्हिनेगरच्या बोळ्याने हलकेच पुसून पट्ट्या पूर्ण वाळू द्याव्यात. चांगले सेल बसवल्याशिवाय चार्जर कधीच जोडू नये, कारण त्याने आतल्या चिप जळू शकतात.