बरं वाटलं म्हणून स्टेरॉइड एकदम सोडू नका

जळगाव-धुळ्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांना टेकतो. त्या दिवसांत कुणाला चक्कर आली, उलट्या झाल्या, हातपाय गळाले, की ‘ऊन लागलं’ म्हणत घरात कैरीचं पन्हं होतं. बहुतेकदा ते ऊनच असतं. पण तो माणूस दम्यासाठी किंवा संधिवातासाठी काही महिने प्रेडनिसोलोन ही स्टेरॉइडची गोळी घेत असेल आणि बरं वाटलं म्हणून त्यानं गोळी मनानंच बंद केली असेल, तर हीच लक्षणं शरीरातलं कॉर्टिसॉल हे संप्रेरक (हॉर्मोन) कमी पडल्याची असू शकतात. ते जिवावर बेततं.

कॉर्टिसॉल मूत्रपिंडांच्या माथ्यावरच्या अधिवृक्क ग्रंथींत तयार होतं. रक्तदाब आणि साखर सांभाळणं, ताप किंवा ऑपरेशनचा ताण सोसणं त्याच्याच बळावर चालतं. ते किती हवं हे मेंदू ठरवतो आणि पिट्युटरी या मेंदूखालच्या ग्रंथीकरवी अधिवृक्क ग्रंथींना कळवतो. गोळीतून कॉर्टिसॉलसारखंच काम करणारं स्टेरॉइड येऊ लागलं की मेंदू हा निरोप धाडणं थांबवतो. तीन-चार आठवड्यांहून अधिक असं चाललं, तर ग्रंथी आक्रसू लागतात. त्या पूर्ववत व्हायला काही महिने, कधी वर्षही लागतं.

शरीराची रोजची गरज साधारण ५ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोनएवढी असते. त्यामुळे मोठा डोस सुरुवातीला भराभर उतरवता येतो. ५ मिलिग्रॅमच्या आसपास मात्र डॉक्टर हात आखडतात, थोडं कमी करून काही आठवडे थांबतात. कधी सकाळी गोळी घेण्याआधी रक्तातलं कॉर्टिसॉल तपासतात. या टप्प्यावर थकवा, अंगदुखी जाणवते. ती मूळ आजाराची की कॉर्टिसॉलच्या तुटवड्याची, हे घरबसल्या ओळखता येत नाही.

मला जास्त काळजी वाटते ती गुडघेदुखीवरच्या बिननावाच्या पुड्यांची. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं आढळलं आहे. आपण स्टेरॉइड घेतोय हेच आजीला ठाऊक नसतं. पुड्या संपल्या की तीही एकदम थांबते. चेहरा सुजल्यासारखा गोल झाला, कातडी पातळ होऊन जरा लागताच काळं-निळं पडू लागलं, तर उरलेली पुडी घेऊन डॉक्टरांकडे जा.

डोस उतरत असताना आणि नंतरही काही महिने ताप, अपघात, ऑपरेशन असं काही आलं तर तात्पुरता डोस वाढवावा लागतो. किती, ते डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या. कामासाठी सुरतला जाणाऱ्यांनी तो कागद खिशातच ठेवावा. उलट्यांमुळे गोळी पोटात टिकत नसेल, तर वाट न पाहता दवाखाना गाठा आणि स्टेरॉइड चालू होतं हे सर्वांत आधी सांगा. तिथे हायड्रोकॉर्टिसोनचं इंजेक्शन आणि सलाईन तातडीनं द्यावं लागतं.