डुप्लिकेट ब्रिज : बोली आणि बचाव

चार खेळाडूंनी दोन-दोनच्या जोड्यांनी खेळायच्या ब्रिज या पत्त्यांच्या खेळाचा स्पर्धात्मक प्रकार. यात एकदा वाटलेली पाने पुन्हा पिसत नाहीत. चार कप्प्यांच्या बोर्डात जशीच्या तशी ठेवून ती पुढच्या टेबलावर नेतात. तोच डाव अनेक जोड्या खेळतात आणि एकाच दिशेला बसलेल्या जोड्यांची आपसांत तुलना होऊन गुण ठरतात. त्यामुळे ‘पानेच आली नाहीत’ ही सबब येथे चालत नाही. प्रस्तुत नोंदीत बोली (किती हात करणार ते आधी सांगणे) आणि बोली हरलेल्या जोडीचा बचाव एवढाच विषय घेतला आहे. रंगाला रंग देणे, हुकूम मारणे, हात करणे या गोष्टी मेंढीकोट खेळलेल्या वाचकास ठाऊकच असतात.

उगम : खेळाच्या नावाविषयी एकमत नाही. १८८६ मध्ये लंडनमध्ये ‘बिरिच अथवा रशियन व्हिस्ट’ या खेळाचे नियम छापले गेले. या ‘बिरिच’चाच पुढे इंग्रजी उच्चाराने ‘ब्रिज’ झाला, हे बहुतेकांना मान्य आहे. मात्र ‘बिरिच’ मूळचा कोठला, यावर वाद आहे. काहीजण तो जुन्या रशियन भाषेतील ‘दवंडी देणारा’ या अर्थाच्या शब्दाशी जोडतात, तर काहीजण तुर्की ‘बिर’ (एक) आणि ‘उच’ (तीन) यांच्याशी. डमीची, म्हणजे डाव खेळणाऱ्याच्या भिडूची, पाने उघडी आणि उरलेल्या तिघांची झाकलेली असतात, असा दुसऱ्या मताचा आधार. इस्तंबूलच्या गलाटा पुलावरून जाणाऱ्या सैनिकांमुळे हे नाव पडल्याची कथा रंजक असली तरी तिला पुरावा म्हणून फारसे वजन देता येत नाही. खेळ पूर्व भूमध्य प्रदेशातून पश्चिमेकडे गेला, हे मत अधिक संभवनीय वाटते.

बोलीच्या उगमाचा धागा मात्र भारतापर्यंत येतो. चौथा भिडू न मिळाल्यास तिघांनी खेळायचा ‘ऑक्शन ब्रिज’ अलाहाबादला छापलेल्या, ‘जॉन डो’ या टोपणनावाच्या पुस्तकात आढळतो. हे पुस्तक विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावरचे मानतात. लंडनच्या ‘टाइम्स’मधील ऑक्शन ब्रिजविषयीचे पत्र १९०३ च्या जानेवारीतले. अग्रमान कोणाचा, हे या दोन उल्लेखांवरून निश्चित ठरत नाही.

महाराष्ट्राच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाचा टप्पा पुण्याचा आहे. जितके हात बोलून घेतले तितकेच डावासाठी धरायचे, हे आज रूढ असलेल्या कॉन्ट्रॅक्ट ब्रिजचे मूलतत्त्व. ह्यू क्लेटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९१२ च्या सुमारास पुण्यात या तत्त्वावर ‘एस. ए. सी. सी.’ नावाचा खेळ बसवला व १९१४ मध्ये त्याची माहिती ‘टाइम्स ऑफ इंडिया’त आली. फ्रान्समधील ‘प्लाफाँ’ याच तत्त्वावर खेळला जाई. हॅरल्ड व्हँडरबिल्ट यांनी १९२५ च्या शरद ऋतूत ‘फिनलंड’ या जहाजावर पनामामार्गे प्रवास करताना गुणांकनाची नवी पद्धत बसवली आणि तीच जगभर रूढ झाली. म्हणून जनकत्व व्हँडरबिल्ट यांच्याकडे जाते. गुणांकनापुरते ते योग्यच आहे, पण कल्पनेचे श्रेय देताना पुण्याचा उल्लेख गाळू नये, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

तीच पाने दुसऱ्यांकडून खेळवून पाहण्याचा प्रयोग व्हिस्ट या ब्रिजच्या पूर्वज खेळात १८५७ च्या सुमारास लंडनला झाल्याचे सांगतात. टेबले बदलण्याची शिस्त जॉन मिचेल यांच्या १८९१ मधील पुस्तकाने घालून दिली. ‘मिचेल’ हे तिचे नाव आजही चालू आहे.

बोली : बोलीची सगळी भाषा पंधरा शब्दांची. एक ते सात हे आकडे, चार रंग, बिनहुकूम, पास आणि पणाला लागलेले गुण वाढवणारे डबल व रिडबल. यांतून ३५ बोल्या होतात. पहिले सहा हात धरूनच चालायचे असल्याने ‘चार इस्पिक’ म्हणजे दहा हात. किलवर, चौकट, बदाम, इस्पिक, बिनहुकूम हा चढता क्रम. स्पर्धेत बोली तोंडाने न करता बोलीपेटीतील पत्ते टेबलावर मांडून करतात. मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू एकाच गल्लीत ऐकू येणाऱ्या सोलापुरात चार घरचे चौघे एका टेबलावर बसले, तरी या पंधरा शब्दांत त्यांचे काही अडत नाही.

एक्क्याला ४, राजाला ३, राणीला २ आणि गुलामाला १ हे मोजमाप मिल्टन वर्क यांच्या नावाने ओळखले जाते. ब्रायंट मॅककँबेल यांनी ते त्यांच्याआधी, १९१५ च्या सुमारास मांडले होते.

बोलीचा कस लागतो तो ‘व्हल्नरेबल’ कोण, म्हणजे त्या बोर्डावर कोणत्या जोडीचे बक्षीस आणि दंड दोन्ही वाढलेले आहेत, यावर. बोर्ड क्रमांक २ वर उत्तर-दक्षिण व्हल्नरेबल असतात. त्यांनी चार इस्पिक बोलून दहा हात केले तर त्यांना ६२० मिळतात. पूर्व-पश्चिमने त्यावर पाच चौकट बोलावे, डबल खावे आणि तीन हात कमी पडू द्यावेत, तर त्यांना ५०० चाच फटका बसतो. इतर टेबलांवर ६२० गेले असतील तर हे हरणेच त्या दिशेला सर्वाधिक गुण देते. हीच बोली स्वतः व्हल्नरेबल असताना केली तर ८०० जातात.

बचाव : बचाव हा या खेळाचा सर्वांत अवघड आणि, प्रस्तुत लेखकाच्या मते, सर्वांत सुंदर भाग. डिक्लेअररला, म्हणजे बोली जिंकून डाव खेळणाऱ्याला, आपल्या बाजूची २६ पाने दिसतात. बचाव करणाऱ्यालाही डमी धरून २६ च दिसतात, पण त्यांतली १३ शत्रूची असतात. भिडूची पाने त्याला उतारीवरून आणि टाकलेल्या पानांवरून वाचावी लागतात.

बिनहुकुमी डावात लांब रंगातील वरून चौथे पान उतरण्याचा प्रघात आहे. त्यावर ‘अकराचा नियम’ उभा आहे. उतारीचे पान ११ मधून वजा केले, की त्याहून मोठी किती पाने उरलेल्या तिघांकडे आहेत ते कळते. हा नियम सामान्यतः रॉबर्ट फॉस्टर यांचा मानतात. ऑक्सफर्डच्या बेनेके यांनाही तो त्याच सुमारास स्वतंत्रपणे सुचला असावा. उदाहरणार्थ, दक्षिणेने एक बिनहुकूम बोलून उत्तरेने तीनवर नेले. पश्चिमेची उतारी बदाम छक्की. डमीत बदामाचे राजा, नव्वी, तिर्री. पूर्वेकडे एक्का, गुलाम, अठ्ठी. डमीतून तिर्री पडली. घरच्या मेंढीकोटात तयार झालेला खेळाडू येथे ‘तिसऱ्याने मोठे घालावे’ म्हणून एक्का टाकतो. परंतु ११ मधून ६ गेले, उरले ५. राजा-नव्वी ही दोन आणि स्वतःची तीन, पाचही हिशेबात आली. दक्षिणेकडे छक्कीच्या वरचे एकही बदाम नाही. म्हणून पूर्वेने अठ्ठी घालावी. अठ्ठीनेच हात होतो आणि एक्का-गुलाम डमीच्या राजामागे दबा धरून राहतात. त्यानंतर पूर्वेने स्वतः बदाम न खेळता भिडूला हात देण्याची वाट शोधावी.

हुकमी डावातील मुख्य खूण म्हणजे आधी मोठे, मग लहान पान टाकणे. भिडूने एक्का-राजा खेळताना नव्वीनंतर दुर्री पडली, तर रंगाची दोनच पाने होती आणि तिसऱ्या वेळी हुकूम मारता येईल, असा निरोप जातो. या खुणेचा पूर्वज व्हिस्टमधील ‘ब्लू पीटर’. बंदर सोडणाऱ्या जहाजाच्या निशाणावरून पडलेले हे नाव १८३० च्या दशकातले मानतात.

सोलापूर : १८६० च्या सुमारास लोहमार्ग सोलापूरपर्यंत आला आणि पुढच्या दशकात कापडगिरण्या उभ्या राहू लागल्या. पुण्याशी असा थेट जोडल्या गेलेल्या या भागात ब्रिज अधिकारीवर्गाबरोबर आला असावा, असे मानणे सयुक्तिक दिसते. वैशाखातल्या दुपारी पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा घरोघरी रंगतो तो मात्र मेंढीकोट. तेथून ब्रिजकडे येणाऱ्याला हात मोजणे शिकवावे लागत नाही. मेंढ्या कोणाकडे गेल्या हे त्याने लहानपणापासून ध्यानात ठेवलेले असते. सोडावी लागते ती एकच सवय. भिडूकडे भुवई उडवणे, खाकरणे, पान आपटून टाकणे हे घरी हसण्यावारी जाते, पण ब्रिजच्या नियमांत ती अनधिकृत माहिती ठरते. भिडू रेंगाळला म्हणून त्याच्या रेंगाळण्याचा फायदा घेऊन बोली केली, तर पंच त्या डावाचे गुण बदलू शकतो. खुणेच्या पानांचा अर्थ काय ठरवला आहे, हे विरोधकांनी विचारल्यास सांगावेच लागते.