यात्रेच्या पत्रकातला ‘फॅन’

चैत्र-वैशाखात सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या गावोगावी ग्रामदैवताच्या यात्रेची पत्रके निघतात, त्यांची भाषा वर्षानुवर्षे ठरलेली असते. पहाटेच्या अभिषेकाला आणि पालखीला ‘भाविक भक्तांनी’ यायचे असते, दुपारच्या जंगी मैदानाला ‘तमाम कुस्तीशौकिनांनी’, आणि रात्रीच्या लोकनाट्याचा आस्वाद ‘रसिकांनी’ घ्यायचा असतो. माणसे बहुधा तीच असतात. सकाळी पालखीपुढे गुलालाने माखलेला गडीच दुपारी मैदानाच्या कडेला उकिडवा बसून पैलवानाला डाव सांगत असतो. तरीही पत्रक लिहिणारा या तीन शब्दांची अदलाबदल कधी करत नाही. अलीकडे पत्रकांच्या तळाशी आणि चौकातल्या फ्लेक्सवर चौथा शब्द येऊन बसला आहे, तो म्हणजे ‘फॅन’. पैलवानाचे फॅन असतात, गायिकेचे असतात, शर्यतीच्या बैलाचेही असतात.

या शब्दाचे मूळ देवळात आहे. लॅटिन भाषेत ‘फानुम’ म्हणजे देऊळ, देवासाठी राखून ठेवलेली जागा. जे तिच्या उंबऱ्याबाहेरचे, ते ‘प्रोफेन’, म्हणजे अपवित्र; आणि जो देवळाचाच होऊन गेला, ज्याला देवाने झपाटले, तो ‘फानातिकुस’. बेलोना ही युद्धदेवता आणि आशिया मायनरमधून रोममध्ये आणलेली सिबिली ही देवी, यांच्या सेवेकऱ्यांविषयी रोमन लोक हा शब्द वापरत, कारण हे सेवेकरी वाद्यांच्या गजरात भान हरपून स्वतःच्या अंगावर शस्त्राने जखमा करून घेत. हे वर्णन वाचताना आपल्या भागातल्या माणसाला फार लांब गेल्यासारखे वाटत नाही. कडकलक्ष्मी घेऊन दारात आलेला पोतराज स्वतःच्या पाठीवर आसूड ओढताना ज्यांनी पाहिला आहे, किंवा रंगपंचमीला वाई तालुक्यातल्या बावधनला भैरवनाथाच्या बगाडावर, म्हणजे रथावरच्या उंच लाकडावर, चढवलेला बगाड्या ज्यांनी मान वर करून पाहिला आहे, त्यांना ‘फानातिकुस’ समजावून सांगावा लागत नाही. इंग्रजीत याच गोत्राचे आणखीही शब्द आहेत. ‘एन्थुझिॲझम’ म्हणजे आज नुसता उत्साह, पण त्याचे ग्रीक मूळ अंगात देव संचारण्याचे आहे. आणि ‘डिव्होशन’ ज्या लॅटिन क्रियापदावरून आले, त्याचा अर्थ नवसाने वाहून टाकणे असा होतो.

इंग्रजीत ‘फॅनॅटिक’ सोळाव्या शतकात आला. सतराव्या शतकात, इंग्लंड धार्मिक भांडणांनी पेटलेले असताना, अधिकृत चर्चपासून फुटून निघालेल्या पंथांना हिणवण्यासाठी तो वापरला जाऊ लागला, आणि धर्मवेडा, अतिरेकी हा अर्थ त्याला चिकटला तो आजतागायत सुटलेला नाही. त्या शतकाच्या अखेरीस त्याचे आखूड रूप ‘फॅन’ असे क्वचित दिसते आणि मग नाहीसे होते. पुढे सुमारे २०० वर्षांनी, १८८० च्या दशकात, ते अमेरिकेत बेसबॉलच्या बातम्यांमध्ये पुन्हा उगवले. मैदानाच्या कठड्यावर ओरडणाऱ्या प्रेक्षकांची टिंगल करण्याचा हेतू त्यात होता, पण प्रेक्षकांनी तो शब्द अंगाला लावून घेतला, आणि काही वर्षांतच टिंगलीची बिरुदावली झाली.

या व्युत्पत्तीला एक प्रतिस्पर्धीही आहे. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनमध्ये उघड्या मुठींच्या लढती चालत, आणि त्यांच्यामागे पैसा व वेळ घालवणाऱ्या मंडळींना एकत्रितपणे ‘फॅन्सी’ म्हणत. कुत्री आणि कबुतरे पाळणाऱ्यांनाही त्याच माळेत ओवत. ‘फॅन’ हे या ‘फॅन्सी’चे आखूड रूप असावे, असे काहींचे म्हणणे आहे. कोशकारांचा कल ‘फॅनॅटिक’कडे आहे आणि पुरावा पाहता तो योग्यच आहे, पण कुस्तीच्या मुलखातल्या माणसाला ही दुसरी कथा सहज सोडवत नाही, कारण ‘फॅन्सी’ म्हणजे हुबेहूब आपले शौकीन. ‘शौक’ हा अरबी शब्द, त्याचा अर्थ ओढ, उत्कंठा. हौसेने पदरमोड करणारा, खुराकाची चौकशी करणारा आणि निकाल मनाविरुद्ध गेला तर रात्रभर न झोपणारा प्रेक्षक लंडनमध्येही होता आणि सांगली जिल्ह्यातल्या कुंडलच्या कुस्ती मैदानावरही होता.

जाता जाता घरातल्या पंख्याविषयी सांगायला हवे, कारण ‘मी तुमचा पंखा आहे’ हा विनोद आपल्याकडे जुना झाला आहे. तो ‘फॅन’ अगदी वेगळा. धान्य उफणायच्या सुपासारख्या साधनाला लॅटिनमध्ये ‘वान्नुस’ म्हणत, त्याचा तो वंशज. म्हणजे एक फॅन देवळातून निघाला आणि दुसरा खळ्यावरून.

शब्द नव्हता तेव्हा भावना नव्हती, असे अर्थातच नाही. सांगलीत चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये नाटक उभे केले, तेव्हापासून या गावाने रसिकांच्या पिढ्या पाहिल्या. बालगंधर्वांच्या भूमिका पाहून आलेल्या घरंदाज स्त्रिया त्यांच्यासारख्या साड्या नेसू लागल्या. आज हेच घडले तर वर्तमानपत्रे ‘फॅन्स’ हाच शब्द वापरतील. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ मध्ये हेलसिंकीच्या ऑलिंपिकला गेले, ते लोकांनी जमवलेल्या पैशांवर, आणि कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी तर स्वतःचे घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. कांस्यपदक घेऊन खाशाबा परतले, तेव्हा शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. घर गहाण टाकणाऱ्या प्राचार्यांना फॅन म्हणवत नाही, आणि शौकीन हा शब्दही त्यांना अपुरा पडतो.

‘फॅन’ आपल्याकडे रुळला तो सिनेमाच्या मासिकांतून आणि क्रिकेटच्या पानांतून. मराठीत त्याला लिंग नाही, ‘तो फॅन’ आणि ‘ती फॅन’ दोन्ही चालते. अनेकवचन ‘फॅन’ही होते आणि ‘फॅन्स’ही. ‘चाहता’ हा शब्द आधीपासून होता, पण तो सभ्य अंतर राखून उभा राहतो, सत्काराच्या भाषणात शोभतो. ‘फॅन’ जवळ येऊन बसतो. जेवण झाल्यावर हात धुताना ‘वहिनी, तुमच्या आमटीचा फॅन झालो’ असे पाहुणा म्हणू शकतो. आमटीचा चाहता कोणी म्हणणार नाही, आणि भक्त म्हटले तर वहिनीच हसतील. सांगलीत लहानाची मोठी झालेल्या स्मृती मानधनाच्या फॅन असलेल्या शाळकरी मुली डावखुऱ्या नसतानाही डाव्या हाताने बॅट धरून पाहतात, तेव्हा त्या शब्दात आदर, आपलेपणा आणि नक्कल तिन्ही मिसळलेले असतात.

तरीही या मातीतला खरा प्रतिशब्द ‘नाद’ हाच म्हणावा लागेल. पूर्वी ‘पोरगं नादाला लागलं’ हे आईबापांचे दुखणे होते. आता ‘नादच खुळा’ ही शाबासकी आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निकालाने बंद झालेल्या बैलगाडी शर्यतींना डिसेंबर २०२१ मध्ये पुन्हा परवानगी मिळाली, आणि बैल घेऊन मैदानाकडे निघालेल्या टेम्पोंच्या काचांवर ‘नाद एकच, बैलगाडा शर्यत’ ही अक्षरे झळकू लागली. बेसबॉलच्या प्रेक्षकांनी टिंगल अंगावर घेऊन तिचे बिरुद केले, तसेच हे झाले. ‘कट्टर’चेही तेच: इंग्रजी कोशात ‘फॅनॅटिक’समोर जो शब्द नावे ठेवण्यासाठी बसवावा लागतो, तो आपल्याकडे दुचाकीच्या नंबरप्लेटवर अभिमानाने रंगवलेला दिसतो. ‘भक्त’ मात्र उलट दिशेने निघाला आहे. राजकीय वादात ‘अंधभक्त’ ही शिवी झाल्यापासून, एखाद्या पुढाऱ्याचा भक्त म्हणवून घेण्यापेक्षा समर्थक म्हणवून घेणे लोकांना बरे वाटते.

यात्रेच्या पत्रकात ‘फॅन’ सध्या कुस्तीच्या आणि ऑर्केस्ट्राच्या ओळींपर्यंत पोहोचला आहे. पालखीच्या ओळीत, म्हणजे जिथून तो निघाला त्या देवळाच्या दारात, अजून भाविक भक्तच आहेत.